दोराच्या पलीकडे

हिरामणने काथ्याचा दोर पाण्याच्या कडेने ताणला, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि पायाने दाबून पाहिला. मग मागे वळून न बघताच त्याने हात हलवला. सगळा संघ एक पाऊल मागे सरला.

दोराच्या अलीकडे संघ, पलीकडे खाडी. खाडीत कंबरभर पाण्यात जुन्या धक्क्याचा एकच दगडी खांब उरला होता, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा जाड. वाघदेव क्रीडा मंडळाचा नवा कप्तान ठरला की त्याने पहिली चढाई या खाडीवर करायची. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत एका दमात खांबापर्यंत जायचं, मागून वळसा घालायचा आणि त्याच दमात परत यायचं. तो दोराच्या आत येईपर्यंत दुसऱ्या कुणी दोर ओलांडायचा नाही. उरणपासून पेणपर्यंत दुसरा कुठला संघ असलं काही करत नाही, आणि याचा गावाला कोण अभिमान. समोर बंदराच्या क्रेन उभ्या राहिल्या, मिठागरं भरावाखाली गेली, शेतकऱ्यांच्या पोरांनी ट्रेलर घेतले, पण रिवाज जागचा हलला नाही.

हलला तो राहुलच्या वेळी. सहा-सात वर्षं झाली असतील. त्या साली मंडळाने हिरामणकडून कप्तानपद काढून राहुलला दिलं. गावात बरीच धुसफूस झाली, हिरामण चार दिवस मैदानावर फिरकला नाही. पण चढाईच्या दिवशी तो आला, त्याने दोर ठोकला, राहुलच्या कानाशी वाकला. सगळं रीतसर झालं. राहुल खांबाला वळसा घालून निम्म्या वाटेवर आला आणि तिथे त्याचा आवाज बंद पडला. तो पाण्यात तोंडावर पडला, तेव्हा पोरांना वाटलं, बुडी मारून येतोय. मग दोर ओलांडायचा की नाही या घोळात वेळ गेला, आणि राहुलही गेला.

गावाने मनापासून हळहळ व्यक्त केली. आणि हळहळ ओसरल्यावर एक वाक्य ठरवून टाकलं: पोरगा गुणी होता, पण दमाचा कच्चा.

राहुलचा धाकटा भाऊ हर्षद या वाक्यासोबत वाढला. मैदानावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणीतरी त्याच्याकडे बघून ते हळूच म्हणायचंच. भावाला जाळून आल्याचं दुःख एकवेळ पचतं, हे वाक्य पचत नव्हतं. राहुलनंतर हिरामणच पुन्हा कप्तान झाला होता. आता त्याचे गुडघे गेले आणि मंडळाने हर्षदचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यात जुने कप्तान रावजी म्हणाले होते की तो चढाईचा विषय आता नको. हर्षदच हट्टाला पेटला. दोर पडलाच पाहिजे, नाहीतर मला कप्तानपद नको, असं त्याने भर सभेत सांगितलं. हिरामण मान खाली घालून बसला होता.

घरी येसूबाईने, त्याच्या आईने, अडवलं नाही. राहुल गेल्यापासून त्या बाईने खाडीची मासळी चुलीवर चढवली नव्हती.

“दादाच्या नावासाठी जातोस तर जा,” ती म्हणाली, “पन परत ये.”

आता ती काठावर पालथ्या घातलेल्या होडीवर बसली होती, खाडीकडे पाठ करून. बघायचं नाही, नुसतं ऐकायचं, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. भरती लागली होती. वारा पडलेला, आणि पाणी आवाज न करता वर सरकत होतं.

रावजींनी शिटी तोंडात धरली. हिरामण पुढे आला. जुन्या कप्तानाने नव्याच्या कानात काहीतरी सांगायचं, हाही रिवाजच. काय सांगतात ते कप्तानांखेरीज कुणाला ठाऊक नसे. कुणी म्हणायचं वाघदेवाचा मंत्र, कुणी म्हणायचं शिवी. हिरामणने हर्षदच्या मानेवर हात ठेवला. तळवा घामेजलेला होता.

“खांबामागं गेलास की दम सोड,” तो पुटपुटला. “तिकडं कुनाला दिसत न्हाय, आवाज बी पोचत न्हाय. श्वास घे नि परत फीर. आमी समद्यांनी तसंच केलंय. रावजीकाकानी पन.”

हर्षदने मान वळवली. एवढ्यात शिटी वाजली.

तो पाण्यात शिरला. मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत. तोंडाने ‘कबड्डी, कबड्डी’ चालू होतं, पण डोकं कानातल्या शब्दांपाशीच अडकलं होतं. चिखल पाय ओढून घ्यायचा, सोडायचा. खांब जवळ आला तशी छाती आवळून आली. तो खांबामागे वळला आणि किनारा दिसेनासा झाला. दगडावर पाणी चापट्या मारत होतं, काठाकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

खांबाला खालपासून कालवांच्या धारदार शिंपा चिकटलेल्या होत्या, हात टेकवत नव्हता. फक्त खांद्याच्या उंचीला पंजाएवढी जागा गुळगुळीत होती. हर्षदने तिथे हात टेकला. हात बरोबर बसला. इथे टेकून, खाली वाकून, किती जणांनी निवांत श्वास घेतला असेल. त्याने दम सोडला आणि नवा भरून घेतला. एवढंच होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी राहुलदादा याच खांबामागून छाती फुटेस्तोवर तसाच पुढे गेला होता, कारण त्याला एका दमाचा रिवाज खरा वाटला होता. साऱ्या मंडळात एका दमाने जाणारा तो एकटाच होता. हर्षदने दगडावरचा हात काढला. पुन्हा ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू करून त्याने वळसा पुरा केला.

परतताना त्याचा आवाज खणखणीत होता. काठावर पोरं नाचायला लागली.

“ह्याला म्हनतात दम,” रावजी म्हणाले. पाण्यावरून ते स्पष्ट ऐकू आलं.

दोर आता घोटाभर पाण्याखाली गेला होता. त्याच्या अलीकडे हिरामण हात पुढे करून उभा होता. नव्या कप्तानाला हात देऊन आत घ्यायचं, मग वाजंत्री. हर्षद दोराशी येऊन थांबला. त्याने हात धरला नाही, मनगट धरलं, दोन्ही हातांनी. ही पकड राहुलने त्याला अंगणात शिकवली होती.

“राहुलदादाच्या कानात काय बोल्ला व्हतास?”

हिरामणने काठाकडे पाहिलं.

“पयला आत ये, हर्षद.”

“काय बोल्ला व्हतास?”

“जा,” हिरामण म्हणाला. “जा, येवढंच बोल्लो. वाटलं, आवाज तुटंल, नाव जाईल. बुडंल असं न्हाय वाटलं रे.”

हर्षदने मान डोलावली. समजलं, अशी. मग मनगट न सोडता त्याने एक पाऊल मागे, खाडीत घेतलं. हिरामणचा दुखरा गुडघा वाकला आणि त्याचा पाय दोरावरून पलीकडे गेला. आणखी एक पाऊल. हिरामणने मनगट फिरवून पाहिलं, पण ती पकड सुटण्यातली नव्हती.

काठावर हशा पिकला. नवा कप्तान जुन्याची गंमत करतोय, असं पोरांना वाटलं. कुणीतरी शीळ घातली. रावजी हसत नव्हते, ते उठून उभे राहिले होते. होडीवर बसलेल्या येसूबाईने पहिल्यांदाच मान वळवून खाडीकडे पाहिलं.

हर्षदने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं, कबड्डी, कबड्डी. पाणी दोघांच्या कंबरेला लागलं. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. कप्तान अजून आत आला नव्हता, म्हणून कुणी दोर ओलांडला नाही.