हरसूलच्या दवाखान्यातला पारा

आज सकाळपासून हरसूलवर धुकं उतरलंय, ऊन काही वर येईना. नव्या यंत्राचे सेल नेमके आजच बसले, म्हणून रोहिणी सिस्टरांनी मला कपाटातून काढलं. मी पारा बोलतोय. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्रातला.

शिकलेला नाही मी. ऐकून ऐकून कळलं ते सांगतो. रक्तदाब म्हणजे रक्ताचा रेटा. मोटार चालू झाली की पाणी पाइपाला आतून रेटतं ना, तसा. फार पूर्वी परदेशात कुणीतरी घोडीच्या नसेला काचेची नळी लावली, तर रक्त नळीत माणसाच्या डोक्याहून उंच चढलं! एवढी उंच नळी कोण बाळगणार? मग मला बोलावलं. मी जड, म्हणून हातभर नळीत भागतं.

दंडाला पट्टा बांधतात, हवा भरतात, मी चढतो. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. काळीज ढकलतं तेव्हाचा. ठोका विरतो तो खालचा. काळीज विसावतं तेव्हाचा. मूठभर काळीज, पण जन्मभर थकत नाही. मला त्याचं फार कौतुक.

आज बाजाराला आलेली बयाबाई दवाखान्यात आली. पहिला ठोका आला तेव्हा मी बराच वर होतो. गोळ्या चालू, तरी दाब उतरेना.

"बयाबाई, खरं सांगा. गोळी घेता ना?" सिस्टरांनी विचारलं.

"घेते की. अर्धी."

"अन् अर्धी?"

"आक्काबाईला देते. तिला बी गरगरतं. शेजारीण हाय माझी. विरजण वाटून, मीठ वाटून. औषध एकटीनंच खावं का?"

शेजारीण बाहेर पायरीवरच बसली होती. सिस्टरांनी तिला आत घेतलं, पट्टा बांधला. मी उतरत गेलो, उतरतच गेलो, तरी ठोका येईना. आला तेव्हा फार खाली होतो.

सिस्टर बयाबाईकडे वळल्या. "अहो, यांचा दाब मुळातच कमी आहे. त्या गोळीनं आणखी उतरतोय. विहिरीवर चक्कर आली असती म्हणजे?"

बयाबाई रडू लागली. "माझ्या हातानं मारत होते गं तुला!"

अशी माया मी फार थोड्या दंडांत पाहिली. तुम्हांला एवढंच सांगणं, आधी मोजा, मग गोळी घ्या.

आक्काबाईनं बयाबाईचे डोळे पदरानं पुसले.

"रडू नको, बये. विरजण दे, मीठ दे, पण तुझी गोळी तेवढी पुरी तूच खा. मला शेजारीण जित्ती पायजे."