पालथ्या ताटलीचं पांढरं

मित्रांनो, मी एक जुनी तामचिनीची ताटली आहे. तामचिनी म्हणजे लोखंडी पत्र्यावर पांढऱ्या काचेचा लेप चढवून भट्टीत भाजलेली. तुमच्या स्टीलच्या ताटांसारखी पडली की ठणाणा बोंबलणारी मी नव्हे. नांदेडच्या बाजारातून खाजामियाँनी मला लातूरला आणलं, आपल्या बायकोसाठी, कमरुन्निसासाठी. तिनं मला उन्हात धरलं आणि म्हणाली, "हां, आहे माझ्यासारखी गोरी." झालं! तेव्हापासून मला जो गर्व चढला, तो उतरायला एक विहीर लागली.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गावंच्या गावं बसली. कमरुन्निसा देगच्या, पीठ आणि आम्हा ताटल्यांना घेऊन एका गावाच्या पत्र्याच्या छावणीत गेली. तिथं तुळजाबाई नावाची बाई तीन दिवस घास घेत नव्हती. कमरुन्निसानं माझ्यावर पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसली. "तू खाणार नाहीस तोवर मी पण खाणार नाही. आणि मला भूक लई लागते, सांगून ठेवते." तुळजाबाई रडता रडता हसली आणि जेवली. त्या दोघी तेव्हापासून बहिणी झाल्या.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. भोकरची, अहमदपूरची पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली. कमरुन्निसानं खानावळ काढली. वीस वर्षं पोरांनी माझ्यावर वरण ओतलं. एकानंही मला नीट पाहिलं नाही. त्यांची नजर पुस्तकात आणि बोटं माझ्यात. मग स्टीलची ताटं आली आणि मला माठावर झाकण म्हणून ठेवलं. मी तिथून सगळ्यांना सांगत असे, बाई, मी पांढरी आहे, अजून पांढरीच आहे.

कमरुन्निसाची नात अर्शी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत दोनदा नापास झाली. ती मालवणला गेली, पाण्याखाली उतरायला आणि तिथले फोटो काढायला शिकली, आणि आसिफ नावाचा तसाच एक पाणबुड्या नवरा करून आली. "डॉक्टर व्हायला पाठवली होती, बेडूक होऊन आली," असं कमरुन्निसा शेजारणींना सांगायची. पण सांगताना पदर सावरायची, म्हणजे ऐट.

भूकंपाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तुळजाबाईचा निरोप आला. तिच्या शेतात जुनी विहीर आहे. विहिरीच्या आत एका कोनाड्यात सात आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी, सात शेंदरी गोटे. भूकंपानंतर विहिरीचं पाणी एकदम वर चढलं आणि कोनाडा पंचवीस फूट खाली बुडाला. दुष्काळातही उघडा पडला नाही. आता तिचा मुलगा दयानंद विहीर बुजवायला निघाला होता. पोरं पडतील, ही त्याची भीती काही खोटी नव्हती.

अर्शी-आसिफला घेऊन आम्ही पोचलो तेव्हा मुरमानं भरलेला ट्रॅक्टर काठावर उभाच होता.

"आई, देवी भूकंपातच गेली," दयानंद म्हणाला.

"गेली न्हाई. बुडाली हाय. दोन्हीत फरक हाय, बाबा."

"मग दाव. शेंदूर दिसला तर थांबतो."

अर्शी आपली पांढरी पाटी मालवणलाच विसरली होती. म्हणून मला माठावरून उचलून आणलेलं. पाणी लाल रंग गिळतं, मित्रांनो. जितकं खोल, तितकं जास्त. म्हणून कॅमेऱ्याला आधी एक पांढरी वस्तू दाखवून सांगावं लागतं, हे पांढरं, आता बाकीचे रंग यावरून लाव.

अर्शीनं घाईत मला काठावरच्या उन्हात धरलं, कॅमेऱ्याला पांढरं सांगितलं, आणि मला तिथंच ठेवून आसिफबरोबर खाली गेली. वर आली ती निळे फोटो घेऊन. दयानंद म्हणाला, "निळे धोंडे! असले नदीत ट्रॅक्टरभर मिळतील."

अर्शीनं कपाळावर हात मारला. वरचं पांढरं खाली चालत नसतं. जिथला फोटो, तिथल्याच पाण्यात पांढरं मोजायचं. दुसऱ्या बुडीत मला कोनाड्यापाशी नेलं. आसिफनं मला उजेडाकडे धरलं, अर्शीनं मला कॅमेऱ्यात काठोकाठ भरलं, बटण दाबलं. मी छाती काढून उभी. तरीही फोटो निळसरच! गोटे मातकट दिसत होते.

तुळजाबाई खाली बसली. पाठीवरच्या नळकांड्यांत हवा एका बुडीपुरती उरली होती आणि ऊन विहिरीतून सरकायला लागलं होतं. दयानंदनं ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं.

"थांब रे!" कमरुन्निसा ओरडली आणि तिनं मला नातीच्या हातातून हिसकावलं. "हिला पांढरी म्हणतेस? वीस साल हळदीचं वरण वाढलंय मी हिच्यावर. पिवळीला पांढरी सांगितल्यावर तो कॅमेरा बिचारा निळंच दाखवणार ना?"

मला वाटलं विहिरीत पडून तळाशी जावं. राखेनं घासून घासून माझं तेज कधीच गेलं होतं आणि हळद आत शिरली होती. हे तिला माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं.

"मग आता, दादी?"

"पालथी धर. पाठीवर कोण वाढतं?"

पालथी ताटली म्हणजे घरात अन्न नाही. आम्हा ताटल्यांना यापरती बदनामी नाही. पण त्या थंड पाण्यात आसिफनं मला पालथी धरली, आणि माझी पाठ नांदेडच्या बाजारात होती तशीच पांढरी निघाली.

वर आल्यावर उन्हामुळे कॅमेऱ्यातला फोटो दिसेना, तेव्हा तुळजाबाईनं कॅमेऱ्यावर आपला पदर धरला. आत माय-लेकाची डोकी. मग दयानंदचा आवाज आला, "सातीच्या साती हायत, आई. शेंदरासकट."

तो बाहेर आला आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "ने मुरूम माघारी. कठडा बांधू. वर जाळी टाकू."

कमरुन्निसानं डबा उघडला. तुळजाबाई म्हणाली, "मला त्याच ताटलीत वाढ." पिठलं माझ्यावर पडलं. पुन्हा पिवळी झाले. होऊ दे. जेवण झाल्यावर तिनं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः मला घासलं. आधी पाठ.

मित्रांनो, मी आता थकले आहे. काठाचा निळा रंग उडाला, दोन ठिकाणी पत्रा उघडा पडला. मला कपाटात मांडू नका, माझ्यावर वाढा. फक्त आज जेवण झालं की आपलं ताट उचला, पालथं करा, आणि त्याच्या पाठीवरूनही एकदा हात फिरवा.