सरळ ठेव

आमचे हे जहाजावर सुकाणी होते, म्हणजे सुकाणूचं चाक धरून उभे राहणारे. त्या कामाची एक रीत आहे. कप्तानाचा हुकूम आला की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच चाक फिरवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. नोकरी संपली तरी ह्यांची खोड गेली नाही. मी म्हणावं, "दूध उतू चाललंय, गॅस बंद करा," की हे आधी "गॅस बंद करतो" म्हणणार आणि मग उठणार. तोवर ओट्यावर दुधाचं तळं. पोरं हसून लोळायची.

लग्नही तसंच जमलं. माझं खरं तर ह्यांच्या मित्राशी ठरलं होतं. तो लंबू. दोघं एकाच गल्लीतले, पण जहाजं वेगळी. ह्यांना 'राघू' म्हणायचा तो एकटाच. दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. मग युद्ध पेटलं, आणि लंबूचं जहाज बुडाल्याची बातमी घेऊन हेच आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "झोपेत गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." त्या वाक्यावर मी तग धरला. त्याची आईही त्याच वाक्याच्या आधाराने डोळे मिटून गेली. पुढे सुट्टीवर आले की हे घरी यायचे, गप्प बसून राहायचे. एकदा बाबा म्हणाले, "आता हिला तूच सांभाळ." हे मान खाली घालून म्हणाले, "मीच सांभाळतो." मला वाटलं, काय जीव आहे या माणसाचा आपल्यावर! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

परवा एक मुलगी आली. खलाशांच्या युद्धातल्या आठवणी ती गोळा करते. तिने टेबलावर आवाज टिपणारं छोटंसं यंत्र ठेवलं आणि हे खुर्चीत ताठ बसले. मी दाराशी भाजी निवडत होते.

"जहाजं ताफ्याने जायची," हे सांगू लागले. "पुढचं बुडालं तरी मागच्याने थांबायचं नाही. थांबला की तोही गेला. त्या सकाळी पुढच्या जहाजाला पाणबुडीने उडवलं. माणसं पाण्यात. कप्तान म्हणाले, सरळ ठेव. मी म्हणालो, सरळ ठेवतो."

"माणसं जिवंत होती?"

"होती की. हाका मारत होती. एकाने तर आमचं जहाज ओळखून मलाच हाक मारली. राघू, राघू. अगदी जवळून गेलो आम्ही."

सांगता सांगता हे रंगात आले होते. मी घरात आहे हेही विसरले असावेत. मी भाजी तशीच टाकून उठले.

"अहो, तो झोपेत गेला होता ना?"

ह्यांचा चेहरा उतरला. "तुला काय सांगणार होतो? हुकूम होता."

हुकूम होता, हे मला कळतं. थांबले असते तर आणखी एक जहाजभर माणसं गेली असती. त्याबद्दल मी ह्यांना बोल लावणार नाही. मला दुसरंच विचारायचं होतं, आणि आता नाही तर कधीच विचारता आलं नसतं.

"आणि माझ्याशी लग्न केलंत ते? मी आवडले म्हणून, की तो हाका मारत राहिला म्हणून?"

मुलगी यंत्र बंद करायला गेली. "राहू दे चालू," मी म्हटलं.

ह्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तुला कधी काही कमी पडू दिलं का?"

नाही पडू दिलं. तेच तर. चिडले असते, भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, तर निदान माझ्याशी संसार केला असं म्हणता आलं असतं. दुसऱ्याने ठेवायला दिलेलं सामान जपावं तसं जपलं मला, ओरखडासुद्धा उमटू दिला नाही. आणि मी त्यालाच प्रेम समजून म्हातारी झाले.

मुलगी बिचारी अवघडून गेली होती. जायला उठता उठता हळूच म्हणाली, "आजी, त्या मित्राचं नाव सांगाल? ते कुठेच आलेलं नाही."

ते नाव या घरात मी कधी उच्चारलं नव्हतं, ह्यांना वाईट वाटेल म्हणून. यंत्राजवळ वाकून मी ते पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"आणि तुम्ही या मित्राच्या कोण?"

"बायको," मी म्हटलं. मग तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं, खुर्चीतल्या माणसाला नीट ऐकू जावं म्हणून.