हवालदाराची गटारी

सुलक्षणा परबच्या तोंडी लागू नये, हे घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नळावर तिच्या हंड्यापुढं कुणी आपला हंडा सरकवला, की त्या बाईचं माहेर आणि सासर दोन्ही निघालंच म्हणून समजा. मनानं वाईट नव्हती हो. कुणाचं पोर तापानं फणफणलं तर उशाशी बसून पट्ट्या घालेल, पण उठताना त्याच्या आईला चार शब्द सुनावल्याशिवाय उठायची नाही. नवरा लवू अगदी उलट. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच विचारणार, "तुम्हाला लागलं नाही ना?" देवानं ही जोडी जमवताना चेष्टाच केली होती.

असल्या या बाईचा जीव जडला होता एका कुत्र्यावर. तपकिरी रंगाचा, एका कानाचा तुकडा गेलेला गावठी कुत्रा. चाळीच्या तोंडाशी दिवसभर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं संशयानं बघायचा, म्हणून त्याचं नाव पडलं हवालदार. तसा तो सगळ्या चाळीचाच, पण झोपायचा सुलक्षणेच्या उंबऱ्याबाहेर. विक्रोळीच्या औषध कंपनीत दिवसभर गोळ्यांची पाकिटं भरून बाई कावलेली घरी यायची. तेव्हा तिच्याकडून शिवी न खाता तिच्याजवळ बसणारा हा एकटाच. लवूसुद्धा त्या वेळी जरा लांबच असायचा.

सगळा घोळ सुरू झाला तो हवालदाराच्या दातांपासून. आदल्या वर्षी त्याचं तोंड सुजलं, लाळ गळायला लागली, खाणं बंद झालं. सुलक्षणेनं त्याला पोत्यात गुंडाळला, रिक्षावाल्याशी भांडली आणि थेट मुलुंडला जनावरांच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टरनं त्याचा जबडा उघडून बघितला.

"काय खायला घालता याला?"

"घालणार काय? चहापाव, वरणभात. आम्ही खातो तेच."

"त्यानंच हिरड्या सडल्यात. कच्ची हाडं घाला याला, थोडं मांस लागलेली. मानेची, बरगडीची. चावून चावून दात साफ होतात, ते त्याचं दातवण समजा. आणि एक नीट ध्यानात ठेवा, शिजवलेलं हाड कधीच घालायचं नाही. कच्च्या हाडाचा दाताखाली चुरा होतो. शिजवलेलं कडक होऊन फुटतं आणि त्याची टोकं आतडं फाडतात. कोंबडीचं तर मुळीच नको."

सुलक्षणेनं ते ऐकलं आणि तसंच पाळलं. बाजारातला खाटीक तिला बरगडीचे तुकडे वर्तमानपत्रात बांधून बाजूला ठेवायला लागला. ती ते आणून संडासांच्या मागच्या मोकळ्या जागेत हवालदारापुढं ठेवायची आणि तो संपवेपर्यंत तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. पावसाळा संपता संपता कुत्र्याचे केस चमकायला लागले, तोंडाचा वास गेला. सुलक्षणा खूश झाली. चाळ मात्र बिघडली.

कुणी म्हणालं कावळे तुकडे उचलून तुळशीत टाकतात. कुणी म्हणालं पोरं घाबरतात. चाळ कमिटीचा सेक्रेटरी शिवदास राणे, एका सरकारी कचेरीत कारकून, त्याला तर विषयच मिळाला. भिंतीवर पाटी लावायला, नोटीस काढायला आणि मीटिंग भरवायला हा माणूस नेहमी टपलेला. पुढच्या वर्षी आषाढात त्यानं मीटिंग भरवली. सगळी चाळ ओट्यावर जमली, आणि सुलक्षणा पदर खोचून पुढं बसली.

"वहिनी, कच्चं मांस चाळीत नको," शिवदास म्हणाला. "एकदा रक्ताची चटक लागली की कुत्रं माणसावर जातं."

"तुम्ही दर रविवारी एवढं मटण हाणता, तुम्ही गेलात का कुणावर?"

लोक हसले. शिवदासही ओशाळं हसला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "बरं, हाडं घालायचीच असली तर निदान शिजवून तरी घाला. कुणाची तक्रार नाही राहणार."

डॉक्टरचं बोलणं सुलक्षणेच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शिवदास बाजूच्या माणसाकडं वळला आणि म्हणाला, "बायकांना काय, नीट समजावून सांगावं लागतं." झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शिजवून? आणि घासलेटच्या रांगेत कोण उभं राहणार, तुमचा बाप? इथं माणसांच्या भाताला स्टोव्ह पेटत नाही, नि मी कुत्र्याला शिजवून घालू?"

असा हशा पिकला की शिवदासला पुढं बोलताच येईना. सगळ्यात जास्त हसली ती शेजारची रत्नप्रभा. वेंगुर्ल्याची ही बाई, वयानं मोठी, विधवा, एकुलती एक मुलगी लग्न होऊन दहिसरला गेलेली. एकटीचाच स्वयंपाक करायचा, पण पातेलं नेहमी मोठं, कारण वाटीभर कालवण शेजारी दिल्याशिवाय तिला घास जायचा नाही. सुलक्षणा तिला काकी म्हणायची, आणि सगळ्या चाळीत हिच्याशी तिचं कधी म्हणजे कधीच भांडण झालेलं नव्हतं. काकी डोळे पुसत घरात गेली आणि मीटिंग तिथंच मोडली.

घरी आल्यावर लवू हळूच म्हणाला, "अगं, डॉक्टरनं सांगितलेलं ते सांगायचं होतंस ना."

"त्या दीडशहाण्याला? गाढवापुढं वाचली गीता! गप्प बसला ना तो? मग झालं तर."

लवूनं पेपर तोंडापुढं धरला. ती जिंकली होती, आणि जिंकल्यावर तिला कुणी काही शिकवलेलं चालायचं नाही.

गटारी त्या वर्षी रविवारी आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून चाळीत सकाळपासून मसाले भाजणं सुरू. सुलक्षणेचं नशीब असं की नेमका कंपनीत ओव्हरटाइम निघाला, आणि लवू माहुलला मित्राकडं जेवायला गेलेला. दुपार कलल्यावर ती भुकेली आणि चिडलेली परत आली, तर चाळीच्या तोंडाशी हवालदार नव्हता. ओट्यावर मात्र सगळे बसलेले, आणि सगळे तिच्याकडं बघून हसत होते. ते बघूनच तिला राग आला.

शिवदास बनियनवर उभा होता, थोडी चढलेली. हात पसरून म्हणाला, "वहिनी, आज भांडण मिटलं! तुमच्या हवालदाराची गटारी आम्ही सगळ्यांनी मिळून केली. झकास!"

"म्हणजे काय केलंत?"

रत्नाकाकी कौतुकानं पुढं आली. तिचे हात अजून मसाल्यानं पिवळे होते. "अगो, घराघरातसून हाडां गोळा केली. खाटकाकडची पण आणली. सगळी माझ्या मोठ्या पातेल्यात बरी शिजयली, मीठ नाय, तिखट नाय. घासलेट माझाच वापरलंय. तू त्या दिवशी मीटिंगीत म्हटलंस ना, माका लय वायट वाटला गो. तुका परवडत नाय म्हणान त्या बिचाऱ्याक कच्चा खावचा लागता. आता श्रावण महिनोभर त्याका कोण हाडां घालतलो? म्हणान आज पोटभर घातलंय."

"कोंबडीची पण?" सुलक्षणेनं विचारलं.

"कोंबडी, मटाण, सगळा. काय खाल्ल्यान म्हणान सांगू!"

"वाट लावलीत रे! वाट लावलीत तुम्ही सगळ्यांनी! अकलेचे कांदे नुसते!"

आणि मग तिचं जे तोंड सुटलं ते सुटलं. शिवदासचं खानदान निघालं, कमिटी निघाली, मटण निघालं, गटारी निघाली. लोक बिचारे तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढं प्रेमानं केलं, घराघरातून वाटी वाटी काढली, आणि ही बाई अशी का पिसाळली? शिवदास हात झटकून म्हणाला, "बघा, म्हणजे आपलं करणंच चुकलं. यांनी कच्चं घातलं तर चालतं, आम्ही शिजवून घातलं तर पोटात दुखतं." त्यालाही खरंच वाईट वाटलं होतं, पण ते बघायला तिला सवड नव्हती. ती हवालदाराला हाका मारत मागं धावली होती.

तो पाण्याच्या टाकीमागं सापडला. पाठीची कमान झालेली, पोट फळीसारखं घट्ट. ओकारी काढायचा आणि फेसाशिवाय काही पडायचं नाही. तिला बघून शेपूट हलवायला गेला आणि कळवळला. सुलक्षणा त्याच्यापाशी खाली बसली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीनच राग आला.

त्या दिवशी रिक्षा मिळणं म्हणजे काय! निम्मे रिक्षावाले झिंगलेले, उरलेले म्हणत होते, "बाई, कुत्ता नहीं बैठेगा." तिनं दोघांना शिव्या घातल्या, ते पळाले. तिसऱ्यालाही घालणार होती, पण तेवढ्यात रत्नाकाकी आली. तिनं हवालदाराला आपल्या धुतलेल्या चादरीत गुंडाळलं, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं आणि न विचारता रिक्षात जाऊन बसली. रिक्षावाल्यानं मागं बघितलंच नाही.

मुलुंडपर्यंत सुलक्षणा बोलत होती. ट्रॅफिकला बोलली, खड्ड्यांना बोलली, गटारी काढणाऱ्या पूर्वजांना बोलली, माहुलला जाऊन बसलेल्या लवूला तर फारच बोलली. "एवढी अक्कल नाही एकालाही! एकालाही नाही!" हवालदार कण्हला की काकी त्याला घट्ट धरायची, आणि एकदा एवढंच पुटपुटली, "माका वाटला त्याका बरा वाटतला."

दवाखाना रविवारचा बंद होता. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचा. सुलक्षणेनं दार बडवून त्याला खाली आणलं. त्यानं हवालदाराला टेबलावर घेतलं, पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"हाडं खाल्लीत का यानं? शिजवलेली?"

"हो."

"आतडं फाटलंय, बाई. विष सगळ्या अंगात चाललंय. आता कापूनही उपयोग नाही, टेबलावरच जाईल. इंजेक्शन देतो, निदान हाल तरी थांबतील." मग चष्म्यावरून तिच्याकडं बघून तो वैतागानं म्हणाला, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला? शिजवलेलं हाड घालू नका म्हणून? किती स्पष्ट सांगितलं होतं!"

"मला सांगितलं होतं," सुलक्षणा म्हणाली.

डॉक्टर आत औषध भरायला गेला. रत्नाकाकी हवालदाराच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. तिनं मान वर केली.

"म्हणजे तुका ठावक होता?"

सुलक्षणा हवालदाराखालची चादर नीट करायला लागली.

"सुलू, मी काय विचारतंय? तुका ठावक होता?"

"होतं."

"मगे त्या दिवशी मीटिंगीत सांगूक काय झाला होता? शिवदास इतक्या बोललो, शिजवून घाला म्हणान."

"त्या शिवदासपुढं पडतं घ्यायचं नव्हतं मला, काकी. हसले ना सगळे. तो गप्प बसला. मला वाटलं, झालं."

"तो ऱ्हवांदे. त्याच्याशी तुझा भांडाण." काकीच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर सुलक्षणेला बरं वाटलं असतं. "माझ्याशी खंय भांडाण होता तुझा? आपली भिंत एक. सांजेक माझ्या दारात बसान तू च्या पितंस. माका तरी सांगूचा होता गो. मी माझ्या हातान घातलंय त्याका."

सुलक्षणेकडं कुणालाही द्यायला उत्तर असायचं. नळावर, मीटिंगमध्ये, कंपनीच्या सुपरवायझरला, रिक्षावाल्याला. आता ती पदरानं हवालदाराच्या तोंडाचा फेस पुसायला लागली. वर्षभर ती या कुत्र्यासाठी भांडली होती, आणि ज्या एका वाक्यानं तो वाचला असता ते तिनं चाळीत लवूशिवाय कुणापाशी बोललंच नव्हतं. लवूनं आठवण करून दिली तर त्यालाही गप्प केलं होतं.

डॉक्टर सुई घेऊन बाहेर आला. "धरा कुणीतरी."

दोघींनी धरलं. सुलक्षणेनं मागचे पाय, काकीनं डोकं. हवालदारानं कशीबशी मान वळवली आणि काकीचा हात चाटायला लागला. हाताला अजून रश्श्याचा वास होता. काकीला ते सहन होईना, ती हात मागं घ्यायला लागली.

"चाटू दे त्याला, काकी," सुलक्षणा म्हणाली. "हात काढू नको."