तहानलेल्या गाडीतली भरलेली छागल

मित्रांनो, मी जुनी आहे, जाड कापडाची आहे आणि सदैव थोडी पाझरत असते. मला छागल म्हणतात. माझ्या अंगावरून वारा वाहिला की पोटातले पाणी गार होते. याला वीज लागत नाही, म्हणून याची कोणी जाहिरातही करीत नाही.

लखीराम नावाच्या ट्रकचालकाने मला यवतमाळच्या बाजारातून घेतले. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. मी त्याच्या ट्रकच्या आरशाला लटकून नागपूर पाहिले, आदिलाबाद पाहिले. प्रत्येक ढाब्यावर कोणीतरी माझे बूच काढी आणि म्हणे, "काय थंड हाय बापा!" त्या कौतुकाची मला सवय लागली. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी नेरजवळच्या तांड्यावर खुंटीला टांगली गेले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

यंदाच्या ऑक्टोबरात लखीरामच्या नातीने, सोनूने, मला खाली काढले. तिची वणीला जिल्हास्तरीय शर्यत होती, दीड हजार मीटरची. जिंकणाऱ्या पहिल्या दोघींना अमरावतीला धावायला मिळणार होते. तिने मला घासले, रात्रभर भिजवले, सकाळी काठोकाठ भरले. पुन्हा रस्ता! माझा धागा न् धागा फुगून आला. एसटीच्या खिडकीला मला बांधले तेव्हा सोनूचे पाय बाकाखाली आधीच धावत होते.

आणि मग कोणी मला हातच लावला नाही.

सोनूच्या आईने, बिजलीबाईने, घरीच बजावले होते, "परवासात पानी पेऊ नोको. वाटेत जायाचं कुठं?" ती स्वतः आदल्या संध्याकाळपासून प्याली नव्हती. तिची आई असेच करी, तिची सासूही असेच करी. ज्यांच्या पूर्वजांनी प्रवासालाच घर मानले, त्यांच्या लेकींनी प्रवास म्हणजे तहान असे ठरवून घेतले आहे. ही प्रगतीची कोणती पायरी, ते विद्वानांनी सांगावे. मी तोवर वाट पाहते. माझ्यात पाणी आहे.

वाटेतल्या एका थांब्यावर त्या दोघी उतरल्या. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर स्वच्छतेचे महत्त्व सुंदर अक्षरांत रंगवले होते आणि दाराला कुलूप होते. अक्षरांची निगा उत्तम राखलेली होती. पुरुष मंडळी भिंतीपलीकडच्या झाडांकडे जाऊन मोकळ्या मनाने परतत होती.

गाडीत चढताना सोनूच्या पोटरीत गोळा आला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"याडी, डोकं दुखून राह्यलं," ती आईला म्हणाली.

वाहक वर्षाताईंनी तिकडे पाहिले, मग माझ्याकडे. "छागल भरेल हाय अन् पोरगी सुकेल? काहून वं बाई?"

"दुपारी पळायचं हाय तिले. मंधात लागली तर?"

"अन् उभीच नाई राह्यली तर कशी पळन? मी असीच पानी न पेता नोकरी केली. मूतखडा झाला. आता नाई आयकत कोनाचं." त्यांनी घंटीची दोरी ओढली.

करंजीच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका घरासमोर गाडी थांबली. दारावर निळा झेंडा फडफडत होता. मागच्या बाकावरचे एक प्रवासी, रामधनकाका, ओरडले, "मॅडम, इथं कायले? उशीर होते ना!"

"काका, तुमाले वाटेत धा झाडं भेटली. याहिले एक दार भेटू द्या."

घरातून वर्षाताईंच्या ओळखीच्या तुळसाबाई हात पुसत बाहेर आल्या. "आली का वर्षा? आज तर वरातच आनली! या वं मायबाई. लाइनीनं या, संडास नवाच हाय, अजून कोनी पाह्यलाबी नाई!"

सोनूबरोबर गाडीतल्या साऱ्या बाया उतरल्या. इतक्या जणी इतका वेळ गप्प बसल्या होत्या! परत येताना त्या मोठमोठ्याने हसत होत्या.

सोनूने माझे बूच काढले, पण ओठांना लावले नाही. "याडी, पह्यले तू."

"मी कुठं पळतो?"

"तू पेशील तवाच मी पेईन."

बिजलीबाईने मला उचलले. मित्रांनो, नागपूर-आदिलाबादचे सारे कौतुक मी त्या एका घोटावरून ओवाळून टाकीन. ती हळूहळू, थांबत थांबत प्याली. मग सोनू प्याली, मग मी हातोहात मागच्या बाकापर्यंत गेले.

वणीच्या मैदानावर कोळशाची धूळ होती आणि माथ्यावर ऊन. सोनू आधी सावलीत शांत बसली, घोट घोट प्याली, मग रेषेवर उभी राहिली. शेवटच्या वळणापर्यंत ती चौथी होती. मग बिजलीबाई ओरडली, "धाव बेटी, धाव!" ओल्या गळ्यातून निघालेली ती हाक साऱ्या मैदानाने ऐकली. सोनूने एकीला मागे टाकले, दुसरीलाही टाकले. सोनूचा दुसरा नंबर आला! अमरावती!

मुलींनो, तहान म्हणजे संस्कार नव्हे आणि आजार म्हणजे सभ्यता नव्हे. प्रवासाला निघालात की पाणी प्या आणि आईलाही पाजा. जागा कुठे आहे, हे लाजत विचारू नका; मोठ्याने विचारा. माझी फार काळजी घ्यावी लागत नाही. मला टांगून मात्र ठेवू नका. मला रिकामी करा.