प्रसादाचे बेदाणे

महेश्वरीच्या आईला, अव्वाला, जाऊन दीड महिना झाला होता. अप्पांची उपाशीपोटीची रक्ततपासणी या खेपेला तिला पार पाडायची होती, आणि त्यात अव्वाची उणीव भासू द्यायची नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. रात्री आठलाच जेवणं उरकली. सकाळी चहा ठेवला नाही. अप्पांनी पूजा करून देवापुढे बेदाणे ठेवले आणि दोघं रिक्षानं लॅबमध्ये आली.

रक्त देऊन झाल्यावर तिनं पिशवीतून बिस्किटं काढली. अप्पांनी कापूस दाबून कोपर दुमडलं आणि दुसरा हात तिच्यापुढे पसरला.

“काय पाहिजे, अप्पा?”

“प्रसाद. त्याच्याआधी कसं खाऊ?”

“तो घरीच राहिला की.”

“तुजी अव्वा पदराला बांधून आणायची. चार बेदाणे. सगळ्या लुगड्यांना डाग पाडून ठेवलेत बघ.”

ती लुगडी तिनंच गेल्या आठवड्यात धुऊन वाटून टाकली होती. डाग कसले, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. आताही रडू आलं नाही. तिनं बिस्किटं पिशवीत ठेवली.

“चला, घरी जाऊ.”

“चल. लई भूक लागलीय.”