चावलेली बाई

पंचफुलाला लांडगा चावला तो भरदुपारी, पंजाबरावांच्या वावरात कापूस वेचताना. घाटंजीकडच्या त्या शिवारात लांडगे कोणाला नवे नव्हते. शेळी न्यायचे, कोकरू न्यायचे, पण माणूस दिसला की नाल्यात उतरून जायचे. हा मात्र लाळ गाळत सरळ पऱ्हाटीतून चालत आला आणि तिच्या डाव्या हाताला लोंबला. कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस मातीत सांडला. तिचा नवरा मारोती धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, गाडी भरत होता. तो गाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून धावला. लांडग्यानं तिला सोडून त्याच्यावर उडी घेतली, तेव्हा मारोतीनं त्याला झोडपून तिथंच आडवा केला.

गडबड शमली तेव्हा पंचफुलाचा हात कोपराखाली फाटला होता, आणि मारोतीच्या कानामागून रक्ताचा एक बारीक ओघळ मानेवर उतरला होता.

"तुमाले बी लागलं," ती म्हणाली.

"पऱ्हाटीची काडी लागली," म्हणत त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली.

सासूचं म्हणणं होतं, आधी भगताकडं न्या. मारोतीनं ते उडवून लावलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीनं घरोघरचे देव उचलून नदीत सोडले होते आणि बुद्धाची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून भूत, पलीत, अंगारा, धागा हे शब्दही मारोती घरात बोलू देत नसे. नाव तेवढं देवाचं उरलं म्हणून लोक त्याची थट्टा करायचे. तो म्हणायचा, "नाव बुढ्या-बुढीनं ठेवलं, अक्कल मंग आली."

त्यानं तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लांडगा दिवसाढवळ्या माणसावर आला म्हणजे पिसाळलेलाच समजा. पोटात सुया घ्याव्या लागतील, रोज, एकही चुकवायची नाही. मग मारोतीकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठं दात लागला का?"

"नाही जी."

पंचफुलानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान वळवली. वावरात वेचणी उभी होती, गाडीला दुसरा माणूस नव्हता, हे खरंच. पण मारोतीला सुईची भीती वाटते हे एकट्या पंचफुलाला ठाऊक होतं. चार माणसांत त्याला तोंडघशी पाडावं असं तिला वाटलं नाही. ती गप्प राहिली.

यवतमाळातच पाटीपुऱ्यात मावशीकडं राहून तिनं सगळ्या सुया घेतल्या. दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत वणीकडचा एक माणूस ठेवला होता. त्याला कुत्रं चावलं होतं आणि त्यानं मनावर घेतलं नव्हतं. नर्स गिलासात पाणी घेऊन आत गेली की तो भिंतीला पाठ लावून थरथरायचा, गळा आवळल्यासारखा आवाज काढायचा. मग एक दिवस ती खोली धुतलेली दिसली.

पंचफुला गावी परतली तेव्हा घाटंजीच्या बाजाराला फिरती टॉकीज लागली होती. निजामुद्दीन बैलबंडीत बसून भोंग्यातून पुकारत गावोगाव हिंडत होता. एरवी हा माणूस बाजारात सायकली दुरुस्त करी. टॉकीज आली की तिचा पुकाऱ्या होई, आणि विलायती सिनेमा असला तर पडद्याजवळ उभा राहून लोकांना गोष्ट समजावून सांगे. या खेपेचा सिनेमा होता रक्त पिणाऱ्या सरदारांचा आणि लांडगा होणाऱ्या माणसांचा. अर्धी वस्ती गाड्या जुंपून निघाली. मारोती पंचफुलाला म्हणाला, "चाल वं. लय दिवस दवाखान्याच्या भिंती पाह्यल्या तू."

तंबूत बायकांची बाजू बांबूच्या तट्ट्या लावून वेगळी केली होती. पडद्यावर बर्फाचं गाव होतं. सरदार काळ्या घोड्यांवरून यायचे, त्यांचे काळे डगले वाऱ्यावर पंखासारखे फुलायचे, ओठ पुसायलाही त्यांच्याजवळ पांढरे रुमाल. लांडगेमाणसं जंगलात राहायची, अंगावर फाटकं, पायात काही नाही. तलवारी अशा फिरायच्या की डोळा ठरेना. शेवटाकडं एका तरण्या शिपायाच्या नव्या नवरीला लांडगा चावला. पुनवेचा चंद्र वर आला आणि तिच्या गोऱ्या हातांवर केस उगवू लागले. भोंग्यातून निजामुद्दीनचा आवाज घुमला, "देखो भाइयो, चावलेली बाई! दिवसा बायको, पुनवेले लांडगीण! आता ती पहिले घरच्यालेच खाईन!" शिपायानं रडत रडत चांदीची गोळी घातली. नवरी बर्फात पडली. तंबूत टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या.

पंचफुलाच्या हातावर अजून पट्टी होती. तिनं ती पदराखाली घेतली.

परतताना गाडीत ज्याचं त्याचं मत सुरू झालं. शेजारचा उकंडा सरदारांवर खूश होता. "काय थे डगले, काय चाल! रक्त पेते पन एक थेंब कपड्यावर नाही सांडू देत. मानूस असावा तं असा."

"तुले सरदारच आवडन," कोणी म्हणालं. "मले लांडग्यायची दया आली. रानात राहाव, उपाशी मराव, अन् वरून तलवारी खाव."

उकंडाची बायको म्हणाली की गोष्ट काही समजली नाही, पण त्या सरदारणीचं लुगडं नव्हतं ते काय होतं, अंगाला शिवल्यासारखं, तेवढं पाहण्यासारखं होतं. एका म्हाताऱ्याला सगळंच फुकट वाटलं. नुसती मारामारी, ना गाणं ना रडणं, कोण कायले लढून राह्यलं याचा पत्ता नाही. मारोती हसत होता. तो म्हणाला, "खोटं हाय पन झ्याक बनवलं."

मग उकंडा म्हणाला, "एक मात्र बराबर केलं. त्या चावलेल्या बाईले मारलं थे."

बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज तेवढा राहिला. पंचफुलानं वर पाहिलं, तेव्हा गाडीतले सगळे तिच्या हाताकडं पाहत होते. उकंडाच्या बायकोनं मांडीवरचं लेकरू उचलून पलीकडच्या बाजूला घेतलं.

पुढच्या दिवसांत त्या सिनेमाची चर्चा विहिरीवर होती, चावडीवर होती, पण कोणते डगले आणि कोणती तलवार हे मागं पडलं. वेचणाऱ्या बाया तिच्या ओळीपासून दोन ओळी सोडून वेचू लागल्या. मग पंजाबराव स्वतः धुऱ्यावर आले. माणूस वाईट नव्हता, खाली बघून बोलले, "पंचफुला, थोडे दिवस येऊ नको. बाया कामाले येत नाही म्हनून राह्यल्या." सासूनं तिची थाळी वेगळी काढली. विचारलं तर म्हणाली, "जखम वाळू दे."

बाजाराच्या दिवशी पंचफुला एकटीच घाटंजीला गेली. निजामुद्दीन एका चाकाचे आरे ताणत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, थे चावलेल्या बाईचं इंग्रजीत खरंच तसं म्हनलं का?"

त्यानं तिचा हात पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला.

"भाभी, मेरेकू कहाँ की इंग्रजी आती? पडद्यावर दिसते थे पाहून बोलतो मी. लोक गप बसले की जरा मसाला टाकाव लागते."

"घरच्यालेच खाईन म्हनलं ते?"

"ते मीच म्हनलं." त्यानं फडक्याला हात पुसले. "मी येऊन सांगू का तुमच्या गावात?"

तो खरंच आला. चावडीवर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर उकंडा म्हणाला, "मुसलमान मानूस, बाईची कीव आली म्हून खोटं बोलला."

पुनव जवळ आली तसा मारोती बोलेनासा झाला. जेवताना तो तिच्या नखांकडं बघायचा. त्या संध्याकाळी तो दारात उभा राहिला.

"आजच्या रात कोठ्यात नीज," तो म्हणाला. "मी मानत नाही काही. पन लोक गप नाही बसून राह्यले. माय तं जेवली नाही सकाळपासून."

"तुमी मानत नाही?"

"नाही."

"मंग कायले?"

तो दारातून बाजूला सरकला. ती घोंगडी घेऊन कोठ्यात गेली. बाहेरून कडी लागली. बैलांच्या श्वासात ती रात्रभर टक्क जागी होती. फटीतून चांदणं आत येत होतं आणि तिला नवऱ्याची सावली दिसत होती, मांडीवर कुऱ्हाड घेऊन दगडावर बसलेली. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. फक्त इतकं वाटलं, की या माणसाबरोबर आपण बोलतो ते आता शब्दच उरलेत.

सकाळी त्यानं कडी काढली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "चहा ठेव."

तिनं चहा ठेवला. त्या रात्रीबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत.

काही आठवड्यांनी मारोती कानामागं खाजवू लागला. मुंग्या आल्यासारखं होते, म्हणाला. मग ताप आला. तिसऱ्या सकाळी पंचफुलानं त्याच्या हातात चहाची बशी दिली. त्यानं ती ओठाजवळ नेली आणि त्याचा गळा असा आवळला गेला की बशी भिंतीवर आदळली. तो स्वतःच चकित होऊन तिच्याकडं बघत राहिला.

"ठसका लागला," तो म्हणाला.

पंचफुलानं गिलासात पाणी आणलं, लांबच धरलं. मारोती भिंतीला पाठ लावून थरथरू लागला.

गाडीत घालून त्याला घाटंजीला नेलं. तिथल्या डॉक्टरनं कानामागची खूण पाहिली, विचारलं, आणि बाहेर येऊन पंचफुलाला सांगितलं की आता याला औषध नाही, कुठंच नाही. यवतमाळला न्यायचं तर न्या, नाहीतर घरी अंधारात, शांत ठेवा. लाळेपासून जपा. मारोतीच म्हणाला, "घरी चाल."

वस्तीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिचं रूप मात्र वेगळं होतं. बायको पुनवेला कडी तोडून निघाली आणि नवऱ्याला चावली. उकंडानं म्हणे स्वतः दात उमटलेले पाहिले. दारावर कोणी येईना. आसपासच्या घरांतली लेकरं नातेवाइकांकडं पाठवली गेली.

पंचफुलानं खिडकीला घोंगडी लावली. मारोती शुद्धीत असला म्हणजे अगदी पहिल्यासारखा बोलायचा. एकदा म्हणाला, "डाक्टरनं विचारलंतं मले."

"हो."

"तू बी पाह्यलं होतं माह्याकडं. काहून नाही बोलली?"

तिनं खिडकीवरची घोंगडी सारखी केली. "तुमाले वाईट वाटलं असतं," ती शेवटी म्हणाली, आणि ते बोलताना तिला ते किती लहान वाटलं, ते तिचं तिलाच माहीत.

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "मले कोठ्यात ने. कडी लाव बाहेरून. मी घरात बरा नाही."

"नाही लावत."

"लाव वं. मले माह्याच हाताचा भरवसा नाही."

"नाही," ती म्हणाली. तिनं त्याला बाजेला सैल बांधलं, दुपट्ट्यानं, वळ पडणार नाहीत असं, आणि उशाशी बसली. झटका आला की तिची सासू दारातून रडायची. आईला राहवेना. पंचफुला विहिरीवर गेली असताना म्हातारीनं ओल्या फडक्यानं लेकाचे ओठ ओले करायला हात पुढं केला. झटक्यात त्याचा जबडा मिटला. म्हातारीच्या अंगठ्यात दात रुतले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मारोती गेला. शेवटी त्याला काही कळत नव्हतं, एवढीच त्याच्यावर दया झाली.

प्रेताला खांदा द्यायला लवकर कोणी पुढं होईना. पंजाबरावांनी आपले तीन सालदार गडी धाडले. घाटंजीहून निजामुद्दीन आला. कोणी बोलावलं नव्हतं. तो चौथा झाला. उकंडा आपल्या दारात उभा राहून पाहत होता. तिरडी त्याच्या घरापाशी आली तेव्हा तो आत गेला, मग बाहेर आला, आणि एकाला बाजूला सारून त्यानं खांदा दिला. त्याच्याबद्दल पंचफुलाला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मयतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सासूला उठवलं. म्हातारीनं अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधली होती.

"यवतमाळले जायचं हाय, आत्याबाई."

"मी नाही येत. पोटात सुया? मले मरू दे. कोनासाठी जगू?"

"ते मंग ठरवू," पंचफुला म्हणाली. "आधी चाला."

"तुले कोठ्यात कोंडा असं म्याच सांगलं होतं त्याले," म्हातारी एकदम बोलली. "तो नाही म्हनत होता. म्या पदर पसरला त्याच्यापुढं."

पंचफुला तिच्या पायात वहाणा सरकवत होती. तिचे हात थांबले. बाहेर कोठ्यात बैल दाव्याला झटके देत होता; त्याला कोणी चारा टाकला नव्हता. तिनं दुसरी वहाण उचलली.

"पाय पुढं करा," ती म्हणाली.

घाटंजीहून यवतमाळला जाणाऱ्या एस.टी.त गावच्या दोन बाया होत्या. त्या उठून मागच्या बाकावर गेल्या. पंचफुलानं सासूला खिडकीशी बसवलं आणि आपण तिच्या बाजूला बसली. गाडी हलली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून रित्या झालेल्या पऱ्हाट्या मागं जाऊ लागल्या. बराच वेळ म्हातारी बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "लय दुखते का वं?"

"दुखते," पंचफुला म्हणाली.

म्हातारीनं चिंधी बांधलेला हात मांडीवर ठेवला. पंचफुलानं तो आपल्या हातात घेतला आणि यवतमाळ येईपर्यंत सोडला नाही.